पाय धरणारे

पाय धरणे या क्रियेला आपल्या भाषेत फारशी प्रतिष्ठा नाही. गरजवंत सावकाराचे पाय धरतो, उमेदवार निवडणुकीपुरते मतदाराचे धरतो. आणि दुसऱ्याचे पाय ओढणाऱ्याविषयी तर बोलायलाच नको. अशा भाषेत वाढलेल्या माणसाला कबड्डीतल्या कोपरारक्षकाची थोरवी पटवून देणे मोठे कठीण!

आमच्या उचगावात संध्याकाळी पोरे खेळायला जमली, की प्रत्येकाला चढाईला जायचे असते. त्यात नवल नाही. चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई २०१९ च्या लिलावात १ कोटी ४५ लाखांना गेला. तो चढाई करणारा. आपल्याच जिल्ह्यातले पोरगे एवढे मोलाचे ठरल्यावर कोपऱ्यात उभे राहायला कोण राजी होईल? मग कुणी तरी मुकाट्याने उभा राहतो. बहुतेक कोपरारक्षक असेच, उरलेल्या जागेवर तयार होतात.

पण त्या जागेचे काम पाहा. चढाईवाल्याला ३० सेकंद मिळतात. तेवढ्यात तो खांदे नाचवतो, हूल देतो, डोळ्यांनी एक सांगतो आणि पायांनी दुसरेच करतो. कोपऱ्यातल्याने त्याच्या तोंडाकडे बघायचेच नाही, घोट्याकडे बघायचे. पाऊल टेकून वळायला लागले, की दोन्ही हातांनी झडप घालायची. क्षणभर आधी झेपावला तर हा बाद, क्षणभर उशीर झाला तर तो पार. शिवाय घोटा नुसता धरून भागत नाही. बाकीच्यांनी तत्काळ येऊन गड्याला दाबले पाहिजे. नाही तर तो सगळ्यांना फरफटत मध्यरेषेपर्यंत नेतो आणि मदतीला धावलेलेही बाद होतात. चढाईवाला चुकला तर एकटाच बाहेर जातो. कोपऱ्यातला चुकला तर घरदार घेऊन जातो.

हिशेबही त्याच्यावर उलटाच. एका चढाईत तीन-चार गुण मिळू शकतात, पकडीचा एकच. आपल्या बाजूला तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना पकड केली, तरच दोन. प्रो कबड्डीत प्रदीप नरवालच्या चढाईच्या गुणांची बेरीज १,८०० च्या वर गेली. पकडीत सर्वांत पुढे असलेला इराणचा फझल अत्राचली पाचशेंच्या पलीकडे पोहोचला. तरीही, गंमत अशी की, त्या लीगच्या लिलावात कोटीचा आकडा प्रथम गाठला तो या पाय धरणाऱ्यानेच, २०१८ साली. त्याच वर्षी जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत इराणने उपांत्य सामन्यात भारताला २७-१८ असे हरवले. १९९० पासून सलग सात सुवर्णपदके घेतलेल्या आपल्या संघाचे पाय परक्यांनी धरले, तेव्हा कुठे आम्हांला पकड म्हणजे काय ते कळले!

हे सारे मी शाळेतल्या एका मुलाच्या वडिलांना सांगत होतो. मुलगा दहावीत, डाव्या कोपऱ्यात खेळणारा, जिल्ह्याच्या निवड चाचणीला निघालेला. वडील शिरोलीच्या फौंड्रीत. ते म्हणाले, "मास्तर, त्यापरीस वेल्डिंग शिकू दे की. लोकाचं पाय धरून कुणाचं प्वाट भरलंय?"

प्रश्न खोटा नव्हता. मी त्यांना कल्याणच्या गिरीश इरनाकची गोष्ट सांगितली. तोही डाव्या कोपऱ्यातलाच. २०१८ मध्ये पुणेरी पलटणचा कर्णधार, त्याच वर्षी भारताच्या आशियाई संघात. मग गुजरात, मग बंगाल. संघ बदलत राहिले, कोपरा तोच. पण एवढ्या उंचीवर किती जण जातात? बाकीच्यांची वाट ठरलेली: मंडळ, जिल्हा, राज्य, आणि नशीब असेल तर पोलिसांत, बँकेत किंवा एखाद्या कंपनीत खेळाडू म्हणून नोकरी. ती नोकरीच खरी कमाई. गुडघा गेला तरी पहिल्या तारखेला पगार येतो. गुडघा नोकरीच्या आधी गेला, तर मात्र काहीच नाही. हे मी लपवले नाही. फझलचा कोटी सांगायचा आणि गुडघा झाकून ठेवायचा, हा मास्तरकीचा धंदा नव्हे.

शेवटी ठरले ते असे: सकाळी आय. टी. आय., संध्याकाळी मैदान, दोन वर्षे. मुलाला वेल्डिंग आवडत नाही, तरी तो जातो. पहिल्या वर्षी जिल्हा संघात त्याची निवड झाली नाही. दुसऱ्या वर्षी झाली, राखीव म्हणून.

गेल्या आठवड्यात वडील रस्त्यात भेटले. मोटारसायकल थांबवून, उतरायच्या आधीच म्हणाले, "मास्तर, त्येचा डावा अंगठा सुजलाय. हळद लावून झाली. फोटो काढावा काय? सोमवारी त्येला उतरवणार हाईत म्हनं."