दिल्लीच्या मधोमध, जंगलातले अठरा होल

दिल्लीत डॉ. झाकीर हुसेन मार्गावरून जाताना एका बाजूला ओबेरॉय हॉटेल दिसतं आणि दुसऱ्या बाजूला नुसती झाडांची भिंत. नवख्या माणसाला ते एखादं जुनं उद्यान वाटतं. पण त्या झाडांमागे आहे दिल्ली गोल्फ क्लब आणि त्याचा प्रसिद्ध लोधी कोर्स. क्रिकेटवेड्यांना ईडन गार्डन्सचं नाव घेतल्यावर जे होतं, ते आम्हा गोल्फवाल्यांना या नावाने होतं.

1930च्या दशकात हा नगरपालिकेचा कोर्स म्हणून सुरू झाला, 1950मध्ये त्याचा क्लब झाला. 1964 साली पहिली इंडियन ओपन स्पर्धा इथेच झाली आणि ती ऑस्ट्रेलियाच्या पीटर थॉमसन यांनी जिंकली. पुढे सत्तरच्या दशकात याच थॉमसन यांनी या कोर्सची नवी आखणी करून दिली. 1982च्या दिल्ली एशियाडमध्ये गोल्फचा पहिल्यांदा समावेश झाला तेव्हा लक्ष्मण सिंग यांनी वैयक्तिक सुवर्णपदक पटकावलं, सांघिक सुवर्णही भारतालाच मिळालं, तेही याच हिरवळीवर. 2014च्या फेब्रुवारीत टायगर वुड्स एका दिवसासाठी इथे येऊन गेला. 72 फटक्यांच्या या कोर्सवर त्याला फक्त 63 फटके लागले.

ईडनवर आपल्याला बॅट घेऊन उतरू देणार नाहीत. गोल्फचं मात्र तसं नाही. कोणा सदस्याचा पाहुणा होता आलं, तर जिथे टायगर खेळला तिथे आपणही खेळू शकतो. बायकांच्या टी, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागा, थोड्या पुढे असतात एवढंच!

मी अठ्ठावन्न वर्षांची आहे. नवरा लष्करात होता, त्यामुळे छावण्यांमध्ये राहता राहता मी गोल्फ शिकले. माझा हँडिकॅप 32, म्हणजे तरबेज खेळाडूला जिथे 72 फटके लागतील तिथे मला साधारण 104 लागतात. उजव्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख मार्चमधली ठरली होती. "त्याआधी एकदा लोधी कोर्स चालायचाय," असं मी घरी जाहीर करून टाकलं. इथल्या सदस्यत्वाची प्रतीक्षायादी काही दशकांची आहे म्हणतात, त्यामुळे तो विचारच नको. सुदैवाने नवऱ्याचे एक जुने बॅचमेट सदस्य निघाले. त्यांनी फेब्रुवारीतल्या एका बुधवारी सकाळी आम्हाला पाहुणे म्हणून बोलावलं.

ताकदीचं काही काम नाही

पहिल्याच टीवर माझ्या कॅडीने पिशवीतल्या ड्रायव्हरवर टोपी चढवली. ड्रायव्हर म्हणजे सगळ्यात लांब मारणारी काठी, पुरुष मंडळींची फार लाडकी. "इसको सोने दो, मॅडम. यहाँ ताकत का काम नहीं, बस सीधा मारो," तो म्हणाला.

समोर पाहिलं आणि त्याचं म्हणणं पटलं. गोल्फ कोर्स म्हटलं की डोळ्यांसमोर पसरट हिरवी मैदानं येतात. इथे फेअरवे, म्हणजे चेंडू मारत न्यायची गवताची पट्टी, एखाद्या गल्लीसारखी अरुंद आहे. दोन्ही बाजूंना झाडं आणि त्यांच्या पायथ्याशी काटेरी झुडपांची दाटी. चेंडू त्यात शिरला की शोधत बसायचं नाही, दंडाचा फटका मोजायचा आणि दुसरा चेंडू काढायचा. 2025च्या ऑक्टोबरात इथे मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली, तेव्हा रोरी मॅकलरॉयसारख्या तगड्या खेळाडूनेही ड्रायव्हर पिशवीतच ठेवायचं ठरवलं होतं. चार दिवस सरळ आणि मोजून खेळणारा टॉमी फ्लीटवूड ती स्पर्धा जिंकला.

मला तर ही बातमी वाचल्यापासूनच गुदगुल्या होत होत्या. माझा चेंडू कसाबसा सव्वाशे-दीडशे यार्ड जातो, पण जातो नाकासमोर. एरवी प्रत्येक कोर्सवर मी मागे राहते आणि पुरुष पुढे थांबून घड्याळ बघतात. त्या दिवशी उलटं झालं. नवऱ्याने सवयीप्रमाणे जोर लावला आणि पहिल्या नऊ होलमध्ये पाच चेंडू झुडपांना दान केले. मी माझी टुकुटुकु चालत होते, हातात तोच चेंडू. त्यांचे मित्र म्हणाले, "वहिनी, हा कोर्स तुमच्यासाठीच बनवलाय!" पुढच्याच होलला वहिनी वाळूच्या खड्ड्यात अडकल्या, चार फटके तिथेच गेले, ते सोडा.

मधूनच एक मोर फेअरवे ओलांडत होता. त्याला अजिबात घाई नव्हती. सगळे काठ्या टेकून थांबलो. इथे मोरांचा मान पहिला, शेजारच्या नऊ होलच्या छोट्या कोर्सचं नावच 'पीकॉक' आहे.

शाह आलमच्या आईची कबर

क्लबहाउसजवळ लाल-पिवळ्या दगडांच्या दोन उत्तर मुघलकालीन कबरी आहेत. त्यांना लाल बंगला म्हणतात. त्यातली एक बादशाह दुसरा शाह आलम याच्या आईची, लाल कुंवरची, असं मानलं जातं. मराठी माणूस इथे दोन मिनिटं रेंगाळणारच. हा तोच शाह आलम, ज्याला दिल्लीबाहेर वर्षानुवर्षं काढावी लागली आणि 1772च्या जानेवारीत महादजी शिंद्यांनी दिल्लीच्या तख्तावर परत आणून बसवलं. त्याच्या आईच्या कबरीशेजारून आम्ही चाकांच्या पिशव्या ओढत चाललो होतो. दिल्लीत इतिहास असा कुठेही पायात येतो.

कॅडीला हे सगळं तोंडपाठ होतं. कुठल्या ग्रीनवर चेंडू कुठे वळेल हेही. त्याचे वडीलही इथेच पिशव्या उचलत. मी अली शेरचं नाव काढलं तर त्याचा चेहरा उजळला. अली शेर याच क्लबात कॅडी होता. 1991 साली त्याने याच कोर्सवर इंडियन ओपन जिंकली. ही स्पर्धा जिंकणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू. त्याआधी 1965मध्ये बिल्लू सेठी जिंकले होते, पण ते हौशी खेळाडू. आणि 2016चा विजेता चौरसिया? कोलकात्यातल्या कोर्सची हिरवळ राखणाऱ्या माळ्याचा मुलगा. दशकांची प्रतीक्षायादी असलेल्या या खेळाच्या कपाळावर ही नावंही कोरलेली आहेत, हे मला फार आवडतं.

पंधराव्या होलपासून गुडघा बोलायला लागला. कॅडीने न विचारता वेग कमी केला आणि प्रत्येक टीवर मला बसायला सावली शोधून दिली. अठरावा होल पाच फटक्यांचा. 2015च्या इंडियन ओपनमध्ये आपल्या पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी शेवटच्या दिवशी सात फटके मागे होता. त्याने बरोबरी साधली आणि याच होलवरच्या जादा खेळात चौरसियाला हरवलं. मला तिथे सात फटके लागले. शेवटचा पट होलमध्ये पडल्याचा टक्क आवाज आला तेव्हा कॅडीने कार्डावरची बेरीज पुन्हा एकदा केली. 101! नवऱ्याचे 99 झाले, पण त्यांचे नऊ चेंडू गेले. माझे दोन. चेंडूंचा हिशेब घरी अजून चालू आहे.

तुम्हालाही खेळायचं असेल तर

ओळखीतलं कोणी सदस्य नसेल तरी दिल्लीत गोल्फ खेळता येतं. कुतुबमिनारजवळ लाडो सराय इथे डीडीएचा अठरा होलचा सार्वजनिक कोर्स आहे, तिथे पैसे भरून कोणीही खेळू शकतं. मुलांना नुसते चेंडू मारून बघायचे असतील तर तिथे सरावाची जागाही आहे. कॉलरचा टी-शर्ट घाला, जीन्स नको. मोठी स्पर्धा बघायची हौस असेल तर गुरुग्रामचा डीएलएफ कोर्स लक्षात ठेवा. गॅरी प्लेअर यांनी आखलेल्या त्या कोर्सवर 2017पासून इंडियन ओपन होऊ लागली. तो लोधीच्या अगदी उलट, मोकळा, चढउतारांचा, खोल बंकरांचा. तिथे मी फक्त प्रेक्षक म्हणून फिरले आहे आणि माझ्या दीडशे यार्डांना तेवढंच पुरे.

दिल्लीत जायचं तर नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी-मार्च निवडा. डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे सकाळचा खेळ उशिरा सुरू होतो, आणि मेमध्ये तिथे फक्त मोरांनीच फिरावं. आमच्या डॉक्टरांनी ऑपरेशननंतर सहा महिने थांबायला सांगितलंय. मी नोव्हेंबरमधली लाडो सरायची सकाळ धरून ठेवली आहे.