बिलात ऑईल नाही, पण टायर आहेत

विजेच्या गाडीचं सर्व्हिसिंगचं पहिलं बिल हातात येतं तेव्हा त्यात काहीतरी लिहायचं राहून गेलंय असं वाटतं. इंजिन ऑईल नाही, ऑईल फिल्टर नाही, स्पार्क प्लग नाहीत, क्लच प्लेट नाही. माझ्या बिलात होता एसीचा केबिन फिल्टर, थोडी साफसफाई, तपासणीची मजुरी आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी. गाडी विकत घेताना हाच कर ५ टक्के असतो. दुरुस्तीला ती सवलत नाही. तरी सगळं मिळून चार हजारांच्या आत भागलं. आधीच्या डिझेल गाडीला याच्या दुपटीहून जास्त लागायचे. बॅटरीवर चालणाऱ्या वाहनांना पीयूसीही काढावं लागत नाही.

सोसायटीतल्या मावशी नवी गाडी घ्यायच्या विचारात आहेत. त्यांनी बिल पाहिलं आणि म्हणाल्या, “म्हणजे मेंटेनन्स काहीच नाही ना गं?”

मी त्यांना टायरवाल्याकडे घेऊन गेले.

त्याने पुढचं चाक वळवून नक्षीवर बोट फिरवलं. “ताई, या गाड्या टायर खातात.” कारण सरळ आहे. बॅटरीमुळे गाडी त्याच आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा जड असते, आणि पायडल दाबताच मोटरचा पूर्ण जोर एकदम चाकांवर येतो. सिग्नल सुटल्यावर सगळ्यांच्या पुढे निघण्याचा आनंद रबराच्या पैशांत मोजावा लागतो. माझे पुढचे दोन टायर चाळीस हजार किलोमीटरच्या आतच बदलावे लागले, एकेक नऊ हजारांच्या घरात. मागचे पुढे आणि पुढचे मागे करणं, अलाइनमेंट, हवेचा दाब या गोष्टी पूर्वी सवडीने व्हायच्या. आता त्या मी वेळच्या वेळी करते. हवा कमी असली की टायर तर झिजतातच, शिवाय एका चार्जिंगमध्ये गाडी कमी चालते.

मात्र मावशींना मी सर्वांत जास्त सांगितलं ते बारा व्होल्टच्या बॅटरीबद्दल. पुष्कळ मालकांना ती गाडीत आहे हेच माहीत नसतं. एका सकाळी माझी गाडी पार्किंगमध्ये मुकाट उभी राहिली. रात्री चार्जिंग ऐंशी टक्क्यांवर होतं, सकाळी मात्र पडदा काळा, दार किल्लीने उघडावं लागलं. मोठ्या बॅटरीत शेकडो व्होल्ट असतात. पण ती वीज मोटरपर्यंत सोडणारे स्विच चालू करायला, संगणक जागा करायला लहान बॅटरीच लागते. तीच बसली होती. पेट्रोल गाडीची बॅटरी मरायला टेकली की स्टार्टर कण्हतो, आठवडाभर आधी कळतं. इथे स्टार्टरच नाही, म्हणून इशाराही मिळत नाही. मदतीच्या गाडीतून आलेल्या मुलाने बाहेरून बारा व्होल्ट जोडले आणि गाडी लगेच जागी झाली. नवीन बॅटरीला सहा हजार गेले. आता तिचं वय तीन वर्षांच्या पुढे गेलं की प्रत्येक सर्व्हिसिंगला व्होल्टेज तपासून घ्यायचं, असं मी ठरवलंय. सर्व्हिसच्या कागदावर हा रकाना नसेल तर तो मागून घ्यावा.

ब्रेकचं उलटं आहे. वेग कमी करताना मोटरच जनित्र होते आणि वीज बॅटरीत परत जाते, त्यामुळे पॅड फार कमी झिजतात. पण न वापरलेला ब्रेक पावसाळ्यात गंजतो, कॅलिपरच्या पिना अडकतात. त्या साफ करून ग्रीस लावावं लागतं. ब्रेक ऑईल हवेतला ओलावा शोषतं, म्हणून ते वापर पाहून नव्हे, काळ पाहून बदलायचं. आणखी एक गोष्ट घाटात कळते. महाबळेश्वरला शंभर टक्के चार्ज करून पसरणी घाट उतरायला लागलं, तर भरलेल्या बॅटरीत वीज परत घ्यायला जागाच नसते आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. डोंगरावरून निघताना मी नव्वदच्या खालीच थांबते.

विम्यात सवलत आहे, पण ती नीट वाचावी. २०२२ साली जाहीर झालेल्या दरांत विजेच्या गाड्यांना थर्ड पार्टी हप्त्यात १५ टक्के सूट मिळाली. हे दर मोटरच्या ताकदीवर ठरतात. ६५ किलोवॅटच्या वरच्या मोटरीला वर्षाला ६,७१२ रुपये; १००० ते १५०० सीसीच्या पेट्रोल गाडीला मात्र ३,४१६. माझी गाडी पहिल्या गटात बसते, म्हणजे सूट मिळूनही हप्ता शेजारच्या पेट्रोल हॅचबॅकच्या जवळजवळ दुप्पट.

मुख्य बॅटरीला बऱ्याच कंपन्या ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी देतात. ती टिकवायची तर ठरलेल्या सर्व्हिसिंगच्या नोंदी असाव्या लागतात. “काहीच लागत नाही” म्हणून दोन सर्व्हिसिंग टाळणं फार महाग पडू शकतं.

उन्हाळ्यात एसीचा गॅस भरायला कोपऱ्यावरच्या गॅरेजात जाण्याचा मोह होतो. या गाड्यांचा कॉम्प्रेसर पट्ट्यावर नाही, उच्च दाबाच्या विजेवर चालतो. त्यात वीज न वाहणारं पीओई जातीचं ऑईल असतं. पेट्रोल गाड्यांतलं पीएजी ऑईल त्यात मिसळलं तर इन्सुलेशन बिघडतं, आणि विजेची गळती दिसताच संगणक गाडी सुरूच होऊ देत नाही. म्हणून मेकॅनिकला आधी विचारायचं, “ऑईल कुठलं घालणार?” पीओई हे उत्तर आलं, तरच बॉनेट उघडू द्यायचं.