न मागितलेलें गाणें

माणूस गेला म्हणजे चार ओळींचा मृत्युलेख तरी छापून येतो. एखादी नाटकमंडळी मोडली तर तिच्या आठवणी लिहिणारा कोणी ना कोणी निघतो. दूरचित्रवाणीवरील वाहिनी मात्र मेली तरी तिचें सुतक सहसा कोणी धरीत नाहीं. 'चॅनेल व्ही' ही संगीतवाहिनी आपल्या देशांत २०१८ च्या सप्टेंबरांत बंद झाली, व तिची जागा खेळांच्या एका वाहिनीनें घेतली. ज्या पिढीच्या तरुणपणाचीं कांहीं वर्षें तिच्या संगतींत गेलीं, त्या पिढींत आम्हीहि मोडतों. म्हणून हे चार शब्द.

या वाहिनीचें कुळ शोधूं गेल्यास अमेरिकेपर्यंत जावें लागतें. तेथें १ ऑगस्ट १९८१ रोजीं एम्. टी. व्ही. ही रात्रंदिवस गाणीं दाखविणारी वाहिनी सुरू झाली. तिनें प्रथम दाखविलेल्या गाण्याचा विषयच असा कीं, चित्रफीत आली आणि रेडिओवरचा गवई संपला! तिचा व्यापार मोठा चतुराईचा होता. गाण्यांचीं चित्रें तयार करण्याचा खर्च ध्वनिमुद्रिका विकणाऱ्या कंपन्यांनीं करावयाचा आणि वाहिनीनें तीं दाखवावयाचीं. कंपनीच्या दृष्टीनें ती जाहिरात, वाहिनीच्या दृष्टीनें तोच कार्यक्रम. १९९१ सालीं हाँगकाँगच्या स्टार टी. व्ही.नें उपग्रहावरून ही वाहिनी आशियांत आणली. १९९४ मध्यें दोघांचें फाटलें. एम्. टी. व्ही. घर सोडून गेली, आणि स्टारनें त्याच जागीं आपली 'चॅनेल व्ही' उभी केली. १९९६ मध्यें पहिली पुन्हां येथें परतली, आणि दोघींचा सवतीमत्सर प्रेक्षकांना कांहीं वर्षें सुखाचा झाला.

तोंपर्यंत दूरदर्शनवरचें 'छायागीत' किंवा 'चित्रहार' म्हणजे आम्हांला आठवड्याचा सण वाटे. केबलवाल्यानें वाड्याच्या कौलांवरून तार ओढून आणली आणि सणाचा एकदम रोजचा दिवस झाला. निवेदक अर्धे हिंदी, अर्धे इंग्रजी बोलत. क्विक गन मुरुगन नांवाचा दाक्षिणात्य थाटाचा बंदूकवाला मध्येंच येऊन हंसवून जाई. परंतु या पोरखेळांतून एक नवी गोष्ट घडली. आमच्या चित्रपटांत कंठ एकाचा आणि ओठ दुसऱ्याचे, ही रीत आम्हांला अंगवळणी पडलेली. आतां १९९५ त अलीशा चिनॉय, १९९६ त ईजिप्तच्या वाळूंत हिंडणारे लकी अली, अशीं माणसें स्वतःचें गाणें स्वतःच्या तोंडानें गातांना घरोघर दिसूं लागलीं. गाणाऱ्याला चेहरा मिळाला, याचें बरेंचसें श्रेय या वाहिन्यांना दिलें पाहिजे.

आमचे काका जुन्या नाट्यसंगीताचे भक्त. या साऱ्या प्रकाराला ते 'धांगडधिंगा' म्हणत आणि संध्याकाळीं पेटी लागली कीं आंतल्या खोलींत जाऊन बसत. १९९९ च्या सुमारास एका संध्याकाळीं शुभा मुद्गल यांचें 'अब के सावन' लागलें. काका आंतून आले, दाराशीं उभे राहिले, आणि पडद्याकडे न पाहतां डोळे मिटून त्यांनीं तें शेवटपर्यंत ऐकलें. "गळा तालमीचा आहे," एवढेंच म्हणाले. बाईंना जितेंद्र अभिषेकींची तालीम मिळाली होती, हें आम्हांला मागाहून कळलें. काकांच्या कानांना तें आधींच कळलें असावें. आमच्या आवडीप्रमाणें चाललें असतें तर आम्हीं धांगडधिंगा मागितला असता, काकांनीं नाट्यगीत. त्या गाण्याला दोघांपैकीं कोणींच बोलावलें नव्हतें.

वाहिनीचें मर्म येथें होतें आणि मरणहि येथेंच. गाणें तीनचार मिनिटांत संपतें, आणि संपतांक्षणींच प्रेक्षकाला उठून जाण्याची सोय होते. ज्या धंद्यांत जाहिरातीचा भाव डोकीं मोजून ठरतो, त्या धंद्याला हें परवडत नाहीं. अनोळखी गाण्यापेक्षां चित्रपटाचें गाजलेलें गाणें बिनधोक्याचें, आणि त्याहूनहि अर्धा तास खिळवून ठेवणारी मालिका बिनधोक्याची. २०१० त एम्. टी. व्ही.नें आपल्या चिन्हाखालचे 'संगीत' सांगणारे शब्द काढून टाकले. २०१२ त चॅनेल व्हीनें गाणीं बाजूस सारून तरुणांच्या मालिका लावल्या. पुढें गाणीं परत आलीं, पण तोंवर गिऱ्हाईक दुसऱ्या पेठेंत गेलें होतें. २००५ सालीं यूट्यूब निघालें आणि हवें तें गाणें हवें तेव्हां मागण्याची सोय झाली. दुसऱ्यांच्या मालावर चाललेल्या दुकानाला तोच माल दारोदार मिळूं लागल्यावर कुलूप लागावें, यांत नवल नाहीं.

आज आमच्या घरांत चार माणसें चार गाणीं ऐकतात आणि कोणाचें कोणाला ऐकूं जात नाहीं. यंत्र मोठें आज्ञाधारक आहे. काल जें आवडलें त्याचींच भावंडें तें आज पुढें करतें. या सोयीला नांवें ठेवण्याचा आमचा हेतु नाहीं. आम्हीहि तिचा रोज लाभ घेतों. मात्र आम्हांला जें जें म्हणून खरोखर आवडलें, त्यांतलें फारच थोडें आम्हीं स्वतः शोधलें. पंगतींत वाढप्यानें न विचारतां पानांत टाकलेली एखादी भाजी पुढें जन्मभर आवडते, तसें तें परक्या हातानें आमच्या पुढ्यांत पडलें. त्या उथळ, गोंगाट्या वाहिनीचा हात असाच सैल होता. आमच्या मुलांच्या पानांत न मागितलेलें कोण वाढणार, ही चिंता आम्हांला वाटते.