बाबांची टू-एच

फर्स्ट इयरच्या इंजिनिअरिंग ड्रॉइंगने आम्हाला पेन्सिलीबद्दल एकच वाक्य शिकवलं: कन्स्ट्रक्शन लाइन टू-एचने, आउटलाइन एचबीने. का, ते कोणी सांगितलं नाही. सबमिशन झालं, मिनी ड्राफ्टर ज्युनिअरला विकला, विषय संपला.

आपण म्हणतो 'शिसपेन्सिल', पण तिच्यात शिसं नसतंच. असतं ग्रॅफाइट आणि चिकणमाती. इंग्लंडशी युद्ध जुंपलं तेव्हा फ्रान्सला तिकडचं उत्तम ग्रॅफाइट मिळेना. निकोला-जाक काँतेने मग ग्रॅफाइटची पूड मातीत कालवून भट्टीत भाजली आणि १७९५ साली पेटंट घेतलं. माती वाढवली की एच, ग्रॅफाइट वाढवलं की बी. याला जगभर एक पक्कं मापही नाही. एका कंपनीची एचबी दुसरीच्या बीइतकी काळी निघू शकते. (आमच्या धंद्यातही व्हर्जन नंबरचं असंच असतं.)

माझे बाबा ड्राफ्ट्समन. ऑफिसात ऑटोकॅड येईपर्यंत पंधरा वर्षं त्यांनी बोर्डासमोर उभं राहून रेघा मारल्या. टू-एच म्हणजे फिकट, असं मी एकदा म्हणालो तर हसले. ती रंगाने फिकट, पण कडक. जोर दिला की कागदात चर पाडते. रबराने रंग जातो, चर राहतो. कागद उजेडाला तिरपा धरला की दिसतो. फोर-बीची रेघ काळीकुट्ट, पण कागदावर नुसती बसलेली. हात फिरला की फिसकटते. पावसाळ्यात कागद दमट, मऊ पडायचा, तेव्हा बाबा एक ग्रेड मऊ पेन्सिल घ्यायचे. आणि रेघ ओढताना पेन्सिल बोटांत हळूहळू फिरवायचे, म्हणजे टोक एका बाजूने झिजत नाही, जाडी शेवटपर्यंत तीच राहते. घरातला हिशेब, दूधवाल्याचे खाडे, पेपरातलं सुडोकू, सगळं टू-एचने.

दोन वर्षांपूर्वी पार्किन्सन्सचं निदान झालं. अक्षर बारीक होत गेलं. पेपरच्या कागदावर टू-एच उमटायला जोर लागतो, आणि थरथरत्या हाताने जोर लावला की कागद फाटतो. मी टॅबलेट आणून दिला. एकदा टेकवलेलं बोट त्याला तीनदा लागायचं. तोही कपाटात गेला.

मग फोर-बी आणली. नुसती टेकवली तरी उमटते. आठवडाभर त्यांनी तिला हात लावला नाही. "ही चित्रं काढणाऱ्यांची," म्हणाले. आठव्या दिवशी सुडोकूच्या चौकटींत जाडजूड, वेडेवाकडे आकडे दिसले. तळहाताची कड काळी, उशीचा अभ्राही काळा. आई रोज बोलते.

ब्लेड मात्र आम्ही त्यांच्या हातात देत नाही. टोक मी काढतो. ते शेजारी बसून सांगतात, "लाकूड अजून थोडं उतरव. शिसं उघडं पडू दे."