मेन व्हॉल्व्ह बंद केलास का?

डिसेंबर जवळ आला की आमच्या मॅडिसनमधल्या मराठी मंडळींच्या गप्पा दोनच विषयांवर येतात: तिकीट केवढ्याला मिळालं आणि बॅगेत काय काय न्यायचं. मागे बंद राहणाऱ्या घराचं काय, हे सहसा कुणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं. तुमच्यापैकी जे यंदा ऐन थंडीत कुलूप लावून निघणार असतील, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

तीन वर्षांपूर्वी बाबांची बायपास ठरली आणि मी महिनाभरासाठी नाशिकला निघाले. इथे मी पोस्टडॉक करते. घर भाड्याचं, छोटं आणि जुनं. हीटिंग विजेवरचं, खोलीखोलीत भिंतीच्या तळाशी बसवलेले बेसबोर्ड हीटर. विस्कॉन्सिनमधलं जानेवारीचं बिल पाहिलं की बाहेर बर्फ असूनही घाम फुटतो. म्हणून निघताना मी हिशेब केला. घरातून बाहेर जाणारी उष्णता आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या फरकाच्या प्रमाणात असते. बाहेर सरासरी उणे ८ अंश सेल्सियस धरा. आत २० ठेवले तर फरक २८, आत ७ ठेवले तर फरक १५. वीज जवळजवळ निम्मी! पाणी गोठतं शून्याला, आपण ठेवतोय सात. भौतिकशास्त्रात पीएचडी केलेल्या बाईला आणखी काय हवं?

बाबांच्या ऑपरेशनला चार दिवस झाले होते. रात्री साडेनऊला दवाखान्याच्या व्हरांड्यात असताना फोन वाजला. इथले शेजारचे आजोबा होते. स्वयंपाकघराच्या भिंतीतून बाहेर पाणी येतंय आणि खाली त्याचा बर्फ झालाय, म्हणाले. किल्ली माझ्या एका मैत्रिणीकडे होती. ती येईपर्यंत तासभर गेला.

झालं काय होतं? सात अंश होते ते खोलीच्या मधल्या हवेचे. सिंकखालचा पाइप बाहेरच्या भिंतीतून जातो, वर कपाटाची दारं मी घट्ट लावलेली. त्याच भिंतीत केबलसाठी पाडलेल्या भोकातून उत्तरेचा वारा थेट पाइपवर. दोन रात्री उणे २० झाले आणि पाइप गोठला.

शाळेत 'पाण्याचे असंगत आचरण' तुम्हीही शिकला असाल. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के प्रसरण पावतं. पण पाइप बहुतेक वेळा बर्फाच्या रेट्याने जागच्या जागी फुटत नाही. बर्फाचं बूच तयार होतं आणि वाढत जातं. ते बूच आणि बंद नळ यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्याला जायला वाट नसते, तिथला दाब वाढत वाढत पाइप चिरतो. ऊन पडून बूच वितळलं की मग पूर येतो. नळ बारीक सुरू ठेवला की पाइप वाचतो तो याच कारणाने: दाबाला वाट मिळते.

विजेचे साठ-सत्तर डॉलर वाचवायला गेले आणि डिपॉझिट गमावून वर अकराशे भरले. खोलीत परत आले तेव्हा बाबा जागे होते. चेहरा पाहून विचारलंच. मी सांगितलं. पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं काढलेला माणूस. छातीवर टाके, बोलताना धाप लागत होती, तरी पहिला प्रश्न: "मेन व्हॉल्व्ह बंद केला नव्हतास?" मग जरा थांबून, "कालव्याला भगदाड पडलं की आधी वरचं गेट पाडायचं. पाणीच नसलं तर फुटणार काय?"

परत आल्यावर यादी केली आणि फ्रिजवर चिकटवली. तीच देते. गोठणाऱ्या भागातल्या साध्या घराला ती चालेल.

आधी वॉटर हीटरचा ब्रेकर बंद. पाण्याशिवाय चालू राहिला तर आतला एलिमेंट जळतो, शिवाय रिकाम्या घरात पाणी तापवण्याची वीजही वाचते. मग तळघरातला मेन व्हॉल्व्ह बंद. वरचे सगळे नळ उघडायचे, सर्वांत खालचा नळही उघडून पाइप रिकामे करायचे, फ्लश ओढायचा. नळ उघडेच ठेवायचे. सिंकखालच्या कपाटांची दारं उघडी. भिंतीतली भोकं फोमने बुजवलेली. हीटिंग ५५ फॅरनहाइट, म्हणजे साधारण १३ सेल्सियस. या तापमानाला माझ्या त्याच हिशेबाने २० अंशांच्या मानाने पाव वीज वाचते. तळघर विसरायचं नाही, कारण मीटर आणि व्हॉल्व्हच्या अलीकडचा तुकडा भरलेलाच असतो. किल्ली शेजारी. वादळात वीज गेली आणि घर गारठलं, तरी रिकामा पाइप फुटत नाही.

हीटिंग पूर्णच बंद करायचं असेल तर मात्र प्लंबरला बोलवा. पाइपमध्ये हवा मारून उरलंसुरलं पाणी काढावं लागतं आणि सिंकच्या ट्रॅपमध्ये प्रॉपिलीन ग्लायकोलचं गुलाबी अँटिफ्रीझ ओतावं लागतं. मोटारीचं नव्हे, ते विषारी असतं.

गेल्या जानेवारीत आईचा फोन आला तेव्हा विमानाला सहा तास होते. हात थरथरत होते, काही सुचत नव्हतं. फ्रिजवरची यादी वरून खाली वाचत गेले, एकेक करत गेले. वीस मिनिटांत घर बंद झालं. बाबांची भेट मात्र झाली नाही.

पाच आठवड्यांनी परतले. घर गार, कोरडं, होतं तसं. एक नळ उघडा ठेवून बाकीचे बंद केले, तळघरात जाऊन व्हॉल्व्ह हळूहळू उघडला. वर नळ बराच वेळ खाकरत राहिला, हवा गेली आणि मग पाणी आलं. फोनकडे हात गेला. सवयीने. पाणी आलं, हे कळवायला.

यादी तशीच आहे फ्रिजवर. वर शीर्षक म्हणून बाबांचा प्रश्न लिहिलाय. तुम्हीही निघताना तेवढा एक स्वतःला विचारा.