तिले नका वाढू

"तिले नका वाढू जी, तिचं पोट कापलं हाये."

हे माझ्या वहिनीचे शब्द. आर्वीला भाच्याच्या लग्नात, भर पंगतीत, जिलेबीचं ताट घेऊन माझ्यासमोर वाकलेल्या पोराला तिने पलीकडच्या रांगेतून ओरडून सांगितलं. पोरगं बिचकलं, ताट मागे घेऊन शेजारच्या बाईकडे सरकलं. तिने आधी माझ्या पोटाकडे पाहिलं, मग जिलेबी घेतली. याला आता बरेच महिने झाले. वहिनीच्या मनात काही वाकडं नव्हतं हे मला ठाऊक आहे, आणि तरी ते आठवलं की अजून अंगाची आग होते.

मागचं भराभर सांगते, त्यात नवीन काही नाही. पाच फूट दोन इंच उंची, ११२ किलो वजन, चाळिशीत लागलेली शुगर, कुरकुरणारे गुडघे. लिंबू-मध, काढे, उपास, सगळं करून झालं होतं. २०१९ मध्ये जीपीएफमधून पैसे काढले आणि नागपूरला जाऊन स्लीव्ह करून घेतलं. यात दुर्बिणीतून जठराचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग कापून काढतात आणि केळ्याएवढी नळी तेवढी ठेवतात. आमच्या भागात वजनाचं ऑपरेशन घरोघरी माहीत झालं ते २०११ मध्ये, नितीन गडकरींनी मुंबईत करून घेतलं तेव्हा. त्यामुळे मला कुणी वेड्यात काढलं नाही. "गडकरींनी केलं ना, मग तूही कर," असं सासरेच म्हणाले. दीडेक वर्षात मी ६८ वर आले, शुगरची गोळी सुटली. मध्ये केस मूठमूठ गळले, पुन्हा आले. झालं.

पहिलं वर्ष सोपं असतं, हे मात्र कुणी सांगत नाही. भुकेचं संप्रेरक, घ्रेलिन, मुख्यतः जठराच्या त्या कापलेल्या भागातच तयार होतं. तो भागच गेला की भूक जवळजवळ लागत नाही. समोर पुरणपोळी असली तरी डोळे पाहतात आणि पोट गप्प राहतं. लोक म्हणतात, काय निग्रह आहे हिचा! आपल्यालाही ते खरं वाटू लागतं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी भूक हळूहळू परत येते, नळी जरा सैलावते, आणि खरा निग्रह लागतो तेव्हा कौतुक करणारे केव्हाच पांगलेले असतात.

नियम तसे थोडेच आहेत. प्रथिनं आधी, दिवसाला साठ ग्रॅम तरी. घास बारीक चावून. जेवताना पाणी नाही, जेवल्यावर अर्धा तास नाही. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व जन्मभर, आणि दरवर्षी रक्ततपासणी. लोक हे शेवटचं कलम सगळ्यात आधी सोडतात, कारण बरं वाटत असतं. तळपायाला मुंग्या येऊ लागल्या की मग बी-१२ आठवतं. दवाखान्यातून मिळालेल्या आहाराच्या कागदावर किनोआ, ब्रोकोली, ग्रीक योगर्ट असं होतं. मी शिकवते त्या गावच्या बाजारात यातलं काही विचारलं असतं तर दुकानदाराने मला खत-बियाण्याच्या दुकानात पाठवलं असतं. मी त्याच कागदाच्या मागे बरबटी, मटकी, फुटाणे, तुरीचं घट्ट वरण, दही आणि अंडी असं लिहून घेतलं. खादीवाल्याच्या घरात वाढलेल्या मुलीच्या स्वयंपाकघरात अंडं शिरलं ते असं.

पाण्याचंही सांगायला हवं. घोट घोट पाणी प्या, एकदम पिऊ नका, हे पुण्यात ठीक आहे. वर्ध्यात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेलेला असताना बाहेरून या आणि एक घोट घेऊन थांबून दाखवा. २०२४ च्या लोकसभेला आमच्याकडे २६ एप्रिलला मतदान होतं आणि माझी ड्युटी केंद्रावर होती. बाटली आणि फुटाण्याची पुडी टेबलाच्या खणात, दर पंधरा मिनिटांनी एक घोट, मध्ये चार फुटाणे. मतदान अधिकाऱ्याला काय झालंय असं एका म्हाताऱ्याने शिपायाला विचारलं.

शाळेतही सुटका नाही. खिचडीची चव घेणं हे माझं सरकारी काम आहे. मुलांना वाढण्याआधी शिक्षकाने आहार चाखायचा आणि नोंदवहीत तसं लिहायचं, असा नियम आहे, आणि तो योग्यच आहे. पण चिकट भात नळीत अडकतो, छातीत दाटून येतं. म्हणून मी चहाचा चमचा वापरू लागले. खिचडी करणाऱ्या बाईंना कितीतरी दिवस वाटत होतं की मॅडमला आपल्या हातची आवडत नाही. त्या रोज थोडं तेल वाढवत गेल्या.

याच शाळेत नोव्हेंबर २०२३ पासून आठवड्याला एक अंडं द्यायचं शासनाने ठरवलं, न खाणाऱ्यांना केळं. पोरं त्या दिवशी कधी नव्हे ती सगळी हजर असायची. जानेवारी २०२५ मध्ये अंड्याचा निधी बंद झाला, हवं तर लोकसहभागातून द्या म्हणाले. सोयाबीनला भाव नाही त्या गावात कसला लोकसहभाग? माझ्या नळीत डॉक्टरांच्या सांगण्यावरून रोज दोन अंडी जातात, आणि समोर ओळीत बसलेल्या पोरांना आठवड्याचं एकही नाही. प्रथिनं कुणाला जास्त हवीत, हे मला कुणी शिकवायला नको. विषय सोडून बोलतेय, पण कुठेतरी बोललं पाहिजे.

आता पंगत. मी ठरवून बसले होते. आधी वरण, मग आलू-वांग्यातलं वांगं, पोळीचा चतकोर, भात नाही, मठ्ठा नंतर उठून. वाढणाऱ्या प्रत्येकाला आधीच सांगितलं, तेवढंच घेतलं आणि सावकाश सगळं संपवलं. त्या अख्ख्या पंगतीत माझ्याइतकं स्वच्छ ताट कुणाचं नव्हतं. मी मुद्दाम पाहिलं. डावीकडच्या बाईंच्या ताटात बुंदीचा ढीग आणि त्यात सांडलेला मठ्ठा. समोर एका मुलाने भाताचं आळं केलं, वरण ओतून घेतलं, दोन घास खाल्ले आणि मोबाइलवर बोलत उठून गेला. एकीने जिलेबीचा चावा घेतला, नाक मुरडलं, बाजूला ठेवली, आणि तरी दुसरी वाढून घेतली. पंगत उठल्यावर मांडवामागे जे रिचवलं गेलं त्यात आमच्या शाळेचं दोन दिवसांचं जेवण निघालं असतं. त्यांच्यासाठी कुणी ओरडलं का, यांना नका वाढू जी, हे टाकून देतात? उलट त्यांच्यापुढे पोरं पुन्हा पुन्हा वाकत होती. टाकणारे सगळे चांगले खाते-पिते, धडधाकट. घेतलेलं सगळं खाणारी मी मात्र आजारी.

मला हे इतकं का लागतं त्याला कारण आहे. वडील खादीच्या कामात होते. सुट्टीत ते आम्हाला सेवाग्रामला शिबिराला पाठवायचे. तिथे लागेल तेवढंच घ्यायचं आणि घेतलेलं टाकायचं नाही. आश्रमाच्या एकादश व्रतांत अस्वाद हे एक व्रत आहे, जिभेसाठी नाही तर शरीरासाठी खायचं. हे मला तेव्हा छळ वाटायचं आणि ते कधीच जमलं नाही, पण टाकायचं नाही हे मात्र हाडात बसलं. इतकं की पुढे दोन्ही पोरांच्या ताटात उरलेलं, पातेल्याच्या तळाला राहिलेलं, सकाळची शिळी पोळी, सगळं मी संपवत गेले. ११२ मध्ये त्याचाही वाटा आहे. ऑपरेशननंतर गोड सोडायला जितका त्रास झाला नाही, तितका ताटात दोन घास असताना हात थांबवायला झाला. पोट भरल्याची कळ आली की थांबायचं, नाहीतर उलटी. नळीला वडिलांची शिकवण कुठली कळायला? दोन घास वरण टाकावं लागलं म्हणून मी मोरीत उभी राहून रडले आहे. त्यातून चमच्याने मोजून वाढून घ्यायला शिकले. ते स्वच्छ ताट माझ्यासाठी काय होतं, हे वहिनीला कसं सांगू?

मला आजारी समजणारे एकीकडे; दुसरीकडे बारीक झाली म्हणजे बरी झाली, हाही एक समज. सेवाग्रामच्या मातीत वाढलेल्यांना तरी तो नसावा. १९३९ मध्ये बापूंचं वजन ४६.७ किलो होतं, आणि तरी फेब्रुवारी १९४० मध्ये रक्तदाब २२० वर ११०.

आणि आता गंमत ऐका. आग्रहाचा मला आयुष्यभर तिटकारा. "एका पोळीने काय होते?" "आमच्या घरचं गोड लागत नाही काय?" "तेरवीच्या जेवणाला नाही म्हणत नसतात." या वाक्यांनी विदर्भात किती जणांची शुगर वाढवली असेल, यावर मी स्टाफरूममध्ये तावातावाने बोलत असे. आग्रहात सगळ्यात पुढे असायची ती हीच वहिनी. मीच तिला वर्षानुवर्षं समजावत होते की ताटात टाकू नकोस, मला चालत नाही. अखेर तिने ऐकलं. मग अंगाची आग कशाला? मला तरी कुठे जिलेबी हवी होती? पण आधी वाढपी विचारायचा, मी हात आडवा करायची, तो "घ्या ना जी एक" म्हणायचा, मी हसायची. नाही म्हणणारी मी असायची. त्या दिवशी नाही म्हणायचंही माझ्याकडे राहिलं नाही. पाहुणे आता आमच्याकडे येताना गोरसपाकाचा डबा आणत नाहीत, भेट म्हणून फळं आणतात, दवाखान्यात आणतात तशी. खरं तर बरंच आहे ते. तूप-साखरेचे असे तोंडात विरघळणारे पदार्थ नळीतून सुळकन उतरतात, पोट भरल्याचं कळतच नाही, आणि वजन परत येतं ते याच वाटेने. माझं सध्या ७६ आहे. डॉक्टर म्हणतात, थोडं येतंच, पुढे जाऊ देऊ नका. सकाळी गोपुरीला गीताई मंदिरापर्यंत चालून येते. तरी डबा आणला नाही की मला ते दिसतं.

लग्नानंतर भाचा आणि नवी सून आमच्याकडे जेवायला आले. मी पुरणपोळ्या केल्या होत्या. दुसरी पोळी नेली तशी पोरीने ताटावर हात ठेवला. "आत्या, खरंच नको," म्हणाली. मी तिचा हात धरून बाजूला केला, पोळी वाढली, वर तुपाची धार सोडली आणि म्हटलं, "एका पोळीने काय होते?" आमचे हे माझ्याकडे बघतच राहिले. तिने ती संपवली. मला फार बरं वाटलं.

माझ्याकडे विचारायला येणाऱ्या बऱ्याच आहेत, करू का ऑपरेशन म्हणून. कोणता डॉक्टर, किती खर्च, पोट दुखतं का, सगळं विचारतात. मी एकच उलटं विचारते, घरी स्वयंपाक कोण करतं? कारण जिला चार माणसांच्या भाज्यांना फोडणी द्यायची, चव बघायची, सगळ्यांना वाढायचं आणि शेवटी स्वतःसाठी वेगळी वाटीभर उसळ घेऊन बसायचं, तिचं ऑपरेशन रोज दोनदा होतं. पुरुषांसाठी आहाराचा कागद बायकोच पाठ करते. विमा मिळतो का विचारतात, तर बीएमआय चाळिसाच्या वर असेल, किंवा पस्तिसाच्या वर आणि सोबत काबूत न येणाऱ्या मधुमेहासारखा मोठा आजार असेल, तर मिळू शकतो. कागदपत्रं आधी करा, अंगठी नंतर मोडा.

पुलगावकडचे एक सर आहेत, गेल्या वर्षी स्लीव्ह झालं. त्यांच्या पत्नीचा मला आठवड्यातून एखादा फोन असतोच. मटकी किती वेळ भिजवायची, पनीर घरी कसं करायचं, यांना ताक कधी द्यायचं, गोळ्या सकाळी की रात्री. मी सांगते. परवा म्हटलं, हे सगळं त्यांनाही कळलं पाहिजे, फोन त्यांच्याकडे द्या. त्या म्हणाल्या, जेवून झोपलेत, उठवू काय?