वाचून दाखवलेलं पुस्तक



सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा दुपारी मी त्यांना लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचून दाखवायची. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं सोवळ्याचं वेड ऐकून त्या पोट धरून हसल्या. पण १८९५ मध्ये नवरा ख्रिस्ती झाला, तिथे म्हणाल्या, “बंद कर.”

दोन दिवसांनी त्यांनीच विचारलं, “त्या बाईचं पुढे काय झालं गं?” स्वतःचा धर्म सांभाळून लक्ष्मीबाई पुन्हा नवऱ्याजवळ राहायला गेल्या, ते ऐकताना त्या गप्पच होत्या. संध्याकाळी म्हणाल्या, “ताईला फोन लाव.” परजातीत लग्न केल्यापासून नणंदेशी त्या बोलत नव्हत्या.

चातुर्मासात आधी हेच पुस्तक घ्या. मग रमाबाई रानड्यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’. आमच्याकडे आता तेच चालू आहे.